साडेबाराचा सुरुंग

सव्वीस वर्षं भूकंपाच्या रेघा वाचून वाचून तिचं नाव रेघबाई पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते आवडायचं. वेधशाळेत नवा साहेब आला की पहिले चार दिवस अहो-जाहो करायचा, पाचव्या दिवशी तोही रेघबाईच म्हणायला लागायचा. काम काय, तर एका लांबट खोलीत तीन ढोल सावकाश फिरत असत. प्रत्येकावर कागद गुंडाळलेला, कागदावर एक सुई टेकलेली. खाली तळघरात उघड्या खडकावर तीन यंत्रं बसवलेली होती. ती जमिनीचा बारीकसा थरारही पकडत आणि तारांमधून वर कळवत. एक ढोल जमीन वर-खाली किती हलली ते सांगे, दुसरा उत्तर-दक्षिण, तिसरा पूर्व-पश्चिम. सुया सरळ चालल्या की रेघबाई पेन्सिलींना टोकं करत बसे, आणि सुया उडाल्या की घरातलं माणूस जिन्यावरून पडल्यासारखी उठून धावे.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला सुया उडाल्या.

तिन्ही एकदम खरखरल्या. रेघबाई हातातली पेन्सिल टाकून ढोलापाशी गेली आणि घड्याळाकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आली थोरली."

आता ही थोरली कोण ते सांगायला हवं. जमीन कुठेतरी खोल आत तुटली की तिथून दोन लाटा एकदमच निघतात. पहिली ढकलत येते. तिकिटाच्या खिडकीसमोरच्या रांगेत मागच्याने धक्का मारला की तो पुढच्याला बसतो, पुढचा त्याच्या पुढच्यावर आदळतो, तशी. दगडातून जाते, पाण्यातून जाते, पृथ्वीच्या पोटात वितळून पडलेल्या धातूतूनही जाते, तिला कशाचं वावडं नाही. दुसरी आडवी झटके देत येते, दोरीचं टोक झटकलं की दोरीभर वळसा पळतो तशी. पातळ पदार्थात शिरली की हिची गाडी तिथेच थांबते. चालतेही हळू. पण भिंती पाडते ती हीच. आणि हिच्या मागून जमिनीच्या पाठीवरून लोळत येणाऱ्या लांब लाटा उरलंसुरलं बघून घेतात.

पुस्तकात त्यांना मोठमोठी नावं आहेत. थोरली आणि धाकटा ही नावं रेघबाईच्या भावाने ठेवलेली. "आपल्या दोघांसारखंच आहे की गं हे, ताई," तो एकदा म्हणाला होता. "तू शाळेतून आधी यायचीस, गुपचूप दप्तर ठेवायचीस. मागून मी आलो की घर डोक्यावर." तेव्हापासून वेधशाळेत सगळेच थोरली आली, धाकटा आला असं बोलत. मोठे साहेबसुद्धा.

रेघबाई मोजत राहिली. सुया थरथरत होत्या, पण खोलीत अजून काही कळत नव्हतं. वीस, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, आणि धाकटा आला. कपाटाच्या काचा खणखणल्या, टेबलावरचा चहा बशीत सांडला, सुया कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचायला लागल्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी किंचाळलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. एवढा मोठा तिने सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

दोघांमध्ये चोवीस सेकंदांचं अंतर. सेकंदाला आठ किलोमीटर धरायचे हा तिचा रोजचा हिशेब, कागदाचीही गरज नाही. एकशे ब्याण्णव. तिने भिंतीवरच्या नकाशावर कंपास लावला आणि वेधशाळेभोवती वर्तुळ ओढलं. कुठे तुटलंय ते या वर्तुळावरच कुठेतरी. पेन्सिल नैऋत्येला पोचली तेव्हा तिने ती तिथेच थांबवली, कारण रेघ काचेच्या कारखान्याच्या गावाला जवळजवळ खेटून गेली होती.

त्या कारखान्यात तिचा भाऊ फोरमन होता. वय पंचेचाळीस, मिशा भरघोस, आवाज भट्टीच्या गडगडाटावर मात करणारा, पण हिच्यासाठी तो छोट्याच. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ही सोळाची. हिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, हिनेच बदडलं, हिनेच वाढवलं.

मोठे साहेब धापा टाकत जिना चढून आले. त्यांना दमा होता, आणि "बघू" म्हणायची सवय होती. दोन्ही एकाच वेळी बाहेर पडायचं.

"किती? कुठे?"

"एकशे ब्याण्णव. कुठे ते वर्तुळभर." रेघबाई म्हणाली. "बाकीच्या केंद्रांचं काय?"

बाकीची केंद्रं दोनच. तिन्ही केंद्रांची तीन वर्तुळं काढली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोट ठेवायचं, इतकं ते सोपं. पण त्यातलं एक दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होतं. दुसऱ्याशी बोलायचं तर ट्रंक लाइन हवी, आणि एक्स्चेंजमधली बाई रडकुंडीला येऊन सांगत होती, "साहेब, सगळं गाव सगळ्या गावांना फोन लावतंय हो, एकही लाइन मोकळी नाही. कुठूनच काही आत येत नाहीये."

मदतपथकाचा तळ याच शहरात असल्यामुळे त्यांचा फोन तेवढा लागत होता. तोच वाजला. पथकाचे कॅप्टन म्हणजे कमी बोलणारा माणूस. साहेबांनी त्यांना वर्तुळाचं सांगितलं.

"अहो, वर्तुळाकडे गाड्या कशा पाठवू?" कॅप्टन म्हणाले. "दिशा सांगा."

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवून रेघबाईकडे पाहिलं. एकाच केंद्रावरून दिशा सांगता येते, पण ते अवघड काम आणि अख्ख्या वेधशाळेत ते हिच्याशिवाय कुणाला नीट जमत नव्हतं. थोरलीची अगदी पहिली हालचाल बघायची, केसाएवढी. तिने भिंग लावलं. उत्तर-दक्षिण सुई आधी उत्तरेला गेली होती. पूर्व-पश्चिम सुई आधी पूर्वेला, तितकीच. म्हणजे जमीन ईशान्येकडे सरकली. म्हणजे भूकंप ईशान्य ते नैऋत्य या सरळ रेषेवर. वर्तुळाला ती रेषा दोनच ठिकाणी छेदते. एका टोकाला डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या वस्त्या, आणि दुसऱ्या टोकाला छोट्या.

कोणतं टोक, ते आता वर-खाली सुई सांगणार होती. थोरली मागून ढकलत आली असेल तर जमीन आधी वर उचलली जाते, आणि मग समजायचं की ईशान्येकडे जो धक्का बसला तो नैऋत्येकडून आला. जमीन आधी खाली गेली असेल तर उलटं, ईशान्येने आपल्याकडे ओढून घेतली. वर म्हणजे छोट्या. खाली म्हणजे डोंगर.

रेघबाईने भिंग वर-खालीच्या ढोलावर नेलं. सुईची पहिली हालचाल शोधून बघितली.

खाली.

पुन्हा बघितलं. खालीच. शंकेला जागाच नाही अशी स्वच्छ खाली.

तिच्या जिवात जीव आला. अगदी उघड सांगायचं तर तिला हसू फुटलं. डोंगरात बारा वस्त्या आहेत, तिथेही माणसं राहतात, त्यांनाही बहिणी आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी तिच्या मनात एकच शब्द होता, सुटलो. नंतर लगेच स्वतःची लाजही वाटली, नाही असं नाही.

"ईशान्य," ती म्हणाली.

"नक्की?"

"सव्वीस वर्षं झाली, साहेब."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पथकाच्या गाड्या वेधशाळेच्या खिडकीखालून गेल्या. चौदा होत्या. तुळया उचलायचे जॅक, दोर, कापायची यंत्रं, स्ट्रेचर, दोन डॉक्टर. चौकात त्या उजवीकडे, डोंगराच्या रस्त्याला वळल्या. शेवटच्या गाडीतल्या एकाने वर बघून हात हलवला, आणि रेघबाईनेही हलवला.

मग तिने छोट्याला फोन लावायला सुरुवात केली. लागला नाही. एक्स्चेंजची बाई म्हणाली, "मावशी, कुठलाच लागत नाहीये हो, तुमचाच एकटीचा नाही." तिने ते पटवून घेतलं. मधूनमधून मोठ्या धक्क्यामागचे छोटे धक्के येत होते, त्यांच्या वेळा लिहायच्या होत्या. साहेब दर पाच मिनिटांनी येऊन बघू म्हणत होते. या गडबडीत जेवणाचा डबा तसाच राहिला.

बारा पन्नासला ती मागच्या धक्क्यांच्या खुणा करत कागदावरून सरकत होती, आणि साडेबाराच्या जागी एक छोटासा टोकदार दाणा दिसला. तिने सवयीने त्यावर "सु" लिहिलं. सुरुंग. शहराबाहेर आठ किलोमीटरवर दगडाची खाण होती आणि खाणवाले सुट्टी सोडून रोज बरोबर साडेबाराला सुरुंग उडवत. भूकंप होवो की जगबुडी येवो, त्यांचा साडेबाराचा बार चुकायचा नाही. रेघबाई तर त्यावर डबा उघडायची.

"सु" लिहून पेन्सिल पुढे गेली, आणि थांबली.

दाणा खाली होता.

ती नुसती बघत राहिली. कळलं होतं, पण कळल्याचं अजून आत पोचलं नव्हतं. सुरुंग फुटतो तेव्हा तो चहूकडे ढकलतो. बार कधी कुणाला आपल्याकडे ओढत नाही. कुठेही उभं राहा, सुरुंगाची पहिली हालचाल वरच जाणार, आजवर रोज वरच गेलेली. हजारो दाणे तिने बघितले होते आणि एकही खाली नव्हता.

आज खाली होता. म्हणजे सुरुंग चुकला नव्हता, सुई चुकत होती. वरला खाली म्हणत होती आणि खालीला वर.

"नाही," रेघबाई म्हणाली. "नाही, नाही, नाही."

तिने नोंदवही ओढली. तिथे कालच्या तारखेला तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: वर-खाली यंत्राच्या तारा गंजल्या होत्या, टोकं कापून पुन्हा कथलाचा डाग देऊन जोडली. सुरुंगावर तपासणे बाकी. खाणीला आज सुट्टी. उद्या तपासणे.

उद्या तपासणे! वेधशाळेचा नियमच होता तो. यंत्राच्या तारांना हात लागला की पुढचा सुरुंग वर गेला का ते बघायचं, आणि ते बघेपर्यंत त्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. हा नियम दुसऱ्या कुणी नाही, तिनेच घालून दिला होता, पंधरा वर्षांपूर्वी. वायरमनला तिने त्यावरून किती वेळा झापलं होतं! काल वायरमन दात काढायला रजेवर होता. सुई अडखळत होती, हिला कुठे दम निघतो? स्वतःच डाग द्यायची इस्त्री घेऊन तळघरात उतरली. दोन्ही तारा जुन्या होऊन एकाच तपकिरी रंगाच्या झाल्या होत्या. आणि आता, आत्ता या क्षणी, तिला स्पष्ट आठवलं की त्यातल्या एकीला दोऱ्याची बारीक गाठ बांधलेली होती. वायरमनने खूण म्हणून बांधलेली. गंजलेल्या टोकाबरोबर ती गाठही तिने कात्रीने कापून टाकली होती, आणि वर पुटपुटली होती, काय हा कचरा ठेवतो इथे.

पायाखालची जमीन सरकली असं आपण जाता-येता म्हणतो, पण ज्या बाईने जन्मभर जमीन सरकण्याच्या वेळा लिहिल्या तिला ते काय असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सुई खाली म्हणाली होती. म्हणजे वर. म्हणजे नैऋत्य. चौदा गाड्या पावणेदोन तास उलट्या दिशेला धावत होत्या, आणि छोट्या त्या टोकाला होता.

"साहेब!" तिची हाक जिन्यापर्यंत गेली. साहेब आले. तिने दाणा दाखवला, नोंदवही दाखवली. साहेब आधी समजले नाहीत, मग समजले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खुर्चीत बसले.

"बघू," ते म्हणाले. "घाई नको. एवढ्या मोठ्या गोष्टीत... दुसऱ्या केंद्राचा फोन लागू दे, मग बघू. उगाच आणखी एकदा चुकलं तर?"

"मी नाही थांबणार."

"अहो, पण तुम्हीच तर नक्की म्हणालात मघाशी! आता कॅप्टनला काय सांगणार?"

"मघाशी माझं चुकलं, हे सांगणार," रेघबाई म्हणाली आणि तिने फोन ओढून घेतला.

कॅप्टन तळावरच होते, गाड्यांशी बिनतारीवरून बोलत. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"बाई," कॅप्टन म्हणाले, "माझी माणसं आत्ता निम्म्या वाटेवरच्या पहिल्या वस्तीत पोचलीत. तिथे एक कौल हललेलं नाही. लोक त्यांना विचारतायत, कशाला आलात म्हणून. मी म्हणत होतो पुढच्या वस्तीत असेल."

"पुढच्याही वस्तीत नाही. काचेच्या कारखान्याचं गाव. गाड्या फिरवा."

"आता यावेळी नक्की?"

"नक्की. माझा भाऊ तिथे आहे. मी काय सांगतेय ते मला कळतंय."

त्यांनी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी घातली नाही. नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

ती तळघरात गेली. तारा सोडवल्या, उलट केल्या, डाग दिला, आणि वर येऊन साहेबांना खडकावर पाय आपटायला खाली पाठवलं. आपटलेला पायही सुरुंगासारखा ढकलतोच; सुई वर गेली. केवढं सोपं होतं! काल खाणीला सुट्टी होती, पण साहेबांना पाय होते, वायरमन नव्हता तर शिपाई होता. कुणालाही एकदा पाय आपटायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिला ते सुचलंच नव्हतं, कारण नियमात सुरुंग लिहिलं होतं आणि नियम तिचा होता.

पावणेदोनला दुसऱ्या केंद्राचा फोन लागला. तिने त्यांच्या आकड्यावरून दुसरं वर्तुळ काढलं. ते पहिल्या वर्तुळाला नैऋत्येलाच छेदत होतं, काचेच्या गावापासून तीसेक किलोमीटरवर. ईशान्येच्या आसपासही फिरकत नव्हतं.

पुढचे दोन तास कसे गेले ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. घाटाच्या अरुंद रस्त्यावर चौदा गाड्या वळवण्यात वेळ गेला, आणि सव्वा तीनच्या सुमारास त्या पुन्हा खिडकीखालून गेल्या, आता डावीकडे. तिने बघितलं, पण हात हलवला नाही.

तीन चाळीसला फोन वाजला. खूप खरखर होती. मधूनच एक्स्चेंजची बाई ओरडली, "मावशी, रेल्वेच्या तारेवरून जोडून देतेय, लवकर बोला!" आणि मग तो आवाज आला, भट्टीच्या गडगडाटावर मात करणारा.

"ताई! ताई, मी आहे!"

"छोट्या!" रेघबाई ओरडली. ती उभ्याउभ्या रडायला लागली, नाक ओढत, पोरीसारखी. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग संकोचून काढला.

"रडू नको गं, वेडी का तू! धडधाकट आहे मी. तू सांगितलं होतंस ना, थोरली आली की मोजत उभा राहू नकोस, पळ, आणि पळता पळता मोज? जमिनीतून धक्का आला तसा मी बोंबललो, पळा! चारपर्यंत मोजलं, ताई. चारला आम्ही अंगणात, आणि धाकट्याने मागे भट्टीचं धुराडं आडवं केलं. दोनशे माणूस बाहेर आलं. सगळे तुझं नाव घेतायत इथे."

"देव पावला," ती म्हणाली. "देव पावला रे."

"पण पॅकिंगचा हॉल बसला." त्याचा आवाज खाली आला. "तो मागच्या बाजूला, तिथे माझी हाक पोचली नाही. नऊ जण आत आहेत. गाड्या कुठवर आल्यात? तुझ्या यंत्राने सांगितलंच असेल सकाळी."

रेघबाईने डोळे पुसले. "वाटेत आहेत. सात वाजतील."

"सात?" तो म्हणाला. "सात कसे? मी इथे तीन सांगितलेत सगळ्यांना. मी हिशेब केला ना. तुला पाच मिनिटांत कळलं असणार, अर्ध्या तासात गाड्या निघाल्या असणार, साडेतीन तासांचा रस्ता. पावणेतीन, फार तर तीन. तसं सांगून मी थांबवलं लोकांना."

"कुणाला थांबवलंस?"

"इथल्या माणसांना गं! पहारी घेऊन तुळई उचलायला निघाले होते. मी म्हटलं, हात लावू नका, स्लॅब घसरला तर आतले चिरडतील. जॅक घेऊन शिकलेली माणसं येतायत. माझी ताई यंत्रावर बसलेली आहे, तिचं गणित आजवर चुकलेलं नाही, तीन वाजता गाड्या दारात. आतून आवाज येत होते, ताई. आम्ही बोलत होतो त्यांच्याशी. नऊच्या नऊ बोलत होते, एक तर विनोद करत होती. दोनपासून एकेक कमी व्हायला लागला. सव्वा तीनला शेवटचा बंद झाला."

रेघबाई आयुष्यभर एका वेळेतून दुसरी वेळ वजा करत आली होती. तिने मनात ठरवलं नाही, वजाबाकी आपोआप झाली. पावणेतीन आणि सव्वा तीन. अर्धा तास.

"रस्ता खचला का?" छोट्याने विचारलं. "दरड आली असेल ना घाटात? तसंच झालं असणार. मी सांगतो इथे तसं."

साहेब रिसीव्हरला कान लावून ऐकत होते. त्यांनी रेघबाईकडे बघून घाईघाईने मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. आणि खोटं का बोला, तिच्या जिभेवर तो हो आलाच होता. एक शब्द. रस्ते खचतातच. कोण बघायला जाणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "रस्ता चांगला आहे. गाड्या डोंगराकडे पाठवल्या होत्या. मी पाठवल्या."

"तू?"

"यंत्राच्या तारा काल मी जोडल्या. उलट्या जोडल्या, छोट्या. यंत्र वर म्हणायचं तिथे खाली म्हणालं, आणि मी न तपासता सांगितलं. खाली दिसलं म्हणून मला आनंद झाला होता. वाटलं, तू सुटलास."

लांब कुठेतरी, त्याच्या बाजूला, पत्रा ओढल्याचा आवाज येत होता.

"मी थांबवलं त्यांना, ताई," तो म्हणाला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, त्याचा आवाज ओळखूसुद्धा येत नव्हता. "पहारी काढून घेतल्या मी त्यांच्या हातातून. तुझ्या भरवशावर."

"तुझं काही चुकलं नाही. ऐक माझं. तू काहीही..."

"आता इथे हे कोण सांगणार?"

"मी सांगीन," रेघबाई म्हणाली. "मी येते तिथे. आत्ता निघते."

"यायचं तेव्हा ये. इथे एकीची लेक आत आहे. तीच ती विनोद करणारी. सकाळपासून ही आई माझ्या शेजारी उभी आहे, दर पाच मिनिटांनी विचारतेय, तुमच्या ताईच्या गाड्या कुठवर आल्या. आता मी काय बोलतोय ते ऐकतेय, आणि माझ्या तोंडाकडे बघतेय. मला नाही जमणार, ताई."

"दे," ती म्हणाली. "फोन दे तिच्याकडे."

साहेब दबक्या आवाजात "अहो, अहो" करत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली. ढोलावर मागच्या धक्क्याची थोरली येऊन सुया हलकेच थरथरत होत्या, वर-खालीची सुई आता बरोबर चालत होती. पलीकडे रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. एक बाई श्वास घेत होती, हिच्याच वयाची असावी.

"हॅलो," ती बाई म्हणाली. "तुम्हीच का त्या ताई?"

"हो," रेघबाई म्हणाली. "मीच ती."